पुंजारामचं म्हणणं

"पुंजाराम, चार माणसांत तुझ्या तोंडानं सांग बाबा. करायचाय का पाट?" काकासाहेब म्हणाले. गावातल्या कुठल्याही बोलण्यांत त्यांना मध्ये बसवल्याशिवाय कुणाचं भागत नसे.

ओसरीवर घोंगडी अंथरली होती. मधोमध कागदावर गुळाचा खडा. ज्याचा पाट त्याने सगळ्यांसमोर हो म्हणायचं आणि तो खडा तोंडात टाकायचा, की बोलणी पक्की, अशी तिकडची रीत होती. खडा आणला होता कचरूने. आपल्या विधवा बहिणीच्या, सगुणाच्या, दुसऱ्या लग्नासाठी तो शेजारच्या गावाहून आला होता.

पुंजाराम बत्तीस वर्षांचा दणकट गडी. कापसाचं गाठोडं एका दमात गाडीत टाकणारा. पण वरचा ओठ जन्मापासून नाकापर्यंत फाटलेला आणि आत टाळूही दुभंगलेली. बोलायला लागला की शब्द नाकातून निसटून जायचे. गावात ते कळायचे एकट्या त्याच्या आईला, झुंबरबाईला. निजामाच्या अंबडच्या कचेरीत मुन्शीने नाव विचारलं तेव्हासुद्धा तिनेच सांगितलं आणि मुन्शीने ते उर्दूत उतरवून घेतलं. तिने सांगितलं ते त्याचं म्हणणं, यात आजवर कुणाला शंका आली नव्हती.

"मावशी, सगुणी काय म्हणती ते सांगतो," कचरू झुंबरबाईला म्हणाला. "वेचणीला दोघं एका शेतात होते. ती म्हणती, मला त्याचं बोलणं समजतं. मी इचारलं, ते कसं काय? तर म्हणती, कान देऊन ऐकलं की समजतं. तो हो म्हणलाय म्हणती. पण आपलं रीतीनं इचारलेलं बरं."

पुंजारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मान वर केली आणि सावकाश, एकेक शब्द तोडून तो बोलला. "मला करायचाय. तिला सुखात ठेवीन."

पुरुषांना नुसता आवाज ऐकू आला. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

झुंबरबाई चौकटीला टेकून बसली होती. लेकाचं म्हणणं तिला लख्ख कळलं होतं. आनंदही झाला, खोटं कशाला बोला. पण आनंदापाठोपाठ तिला कापसाची वात आठवली. पोराला अंगावर पिता येत नव्हतं, म्हणून ती वात दुधात भिजवून, त्याला मांडीवर उभा धरून थेंब थेंब तोंडात पिळायची. थेंब जरा मोठा पडला की दूध नाकातून यायचं आणि पोर निळं पडायचं. दीड वर्ष तिने पाठ टेकली नव्हती. आणि सासू मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, "ग्रहणात वांगं चिरलंस, तिथंच पोराचं तोंड चिरलंस." ग्रहणात आपण विळीला हात लावला नव्हता हे झुंबरबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी ऐकून ऐकून पुढे तिलाच वाटायला लागलं होतं, लावलाही असेल. या घरात तसलंच दुसरं पोर जन्माला आलं तर? तिला भीती वाटली. नुसती भीती, दुसरं काही नाही.

"नको म्हणतो," ती म्हणाली. "हाय असाच बरा हाय म्हणतो."

पुंजाराम आईकडे बघत राहिला.

मान हलवायला काही टाळू लागत नाही. गूळही हाताच्या अंतरावर होता. पण त्याने मान हलवली असती तर माय चार माणसांत खोटी पडली असती. आणि ती एकदा खोटी पडली की उद्यापासून त्याचं म्हणणं जगाला सांगणार कोण? हे सगळं पुंजारामला कळत होतं. गाव त्याला येडा समजायचं, तसा तो बिलकुल नव्हता. त्याने मान खाली घातली.

"असं हाय का," कचरू म्हणाला. गुळाचा कागद त्याने हळूच दुमडला. "मंग सगुणीला काय समजत न्हाई म्हणायचं त्याचं बोलणं. उगंच आपली म्हणून राह्यली, समजतं समजतं."

हे ऐकलं मात्र, आणि पुंजाराम ताडकन उभा राहिला. "तिला समजतं!" तो ओरडला. "माय, सांग त्याला. तिला बराबर समजतं!"

काकासाहेब दचकले. "काय म्हणतो गं?"

झुंबरबाई उठून लेकाजवळ आली. तिने पदर सारखा केला.

"तहान लागली म्हणतो."

कचरू भला माणूस. त्याने आपल्यापुढचा तांब्या उचलून पुंजारामच्या हातात दिला. पुंजाराम चारचौघांत कधी पाणी पीत नसे, हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत? पुंजाराम क्षणभर तांब्यात बघत उभा राहिला. मग त्याने तो तोंडाला लावला. दुसऱ्याच घोटाला पाणी नाकातून आलं. कचरूने तोंड फिरवलं. बत्तीस वर्षांच्या सवयीने झुंबरबाईचा हात आपोआप लेकाच्या हनुवटीखाली गेला.

पुंजारामने तो हात बाजूला केला आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पीत राहिला. पाणी सदऱ्यावरून घोंगडीवर सांडत होतं.