साडूची शिफारस

तळेगाव ढमढेऱ्यात मच्छिंद्र आप्पांनी नवंकोरं मंगल कार्यालय बांधलं, पण गूगलवर शोधलं की पहिलं नाव यायचं ते कासुर्डीच्या त्यांच्या साडूच्या कार्यालयाचं. लग्नसराई तोंडावर आली, तरी आप्पांच्या तारखा मोकळ्याच.

"दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपली लिंक पाहिजे," लेक सुलक्षणा म्हणाली. "लोकांनी आपल्याकडं बोट दाखवलं, की गूगल आपल्याला वर घेतं."

"म्हंजी फ्लेक्सवरचे शुभेच्छुक! एवढंच व्हय?"

आप्पांनी भावकी कामाला लावली. आठवड्यात ज्याच्या त्याच्या नावाची वेबसाइट उभी राहिली आणि प्रत्येकीवर आप्पांची लिंक. गूगलनं आप्पांना होते त्याहून खाली ढकललं.

"घरच्यांची शिफारस धरत नाहीत, आप्पा."

हा खटाटोप साडूच्या कानावर गेला. त्यांनी आपल्या वेबसाइटवर लिहिलं, 'तळेगावच्या नव्या कार्यालयातली आमटी पाणचट असते, सावध राहा.' कुणाचा नावात घोळ व्हायला नको म्हणून खाली लिंकही दिली.

ते वाचून आप्पा काठी घेऊन कासुर्डीला निघाले, तेवढ्यात सुलक्षणा ओरडली, "थांबा! आपण पहिले आलोय!"

"कशानं?"

"काकांच्या लिंकनं. त्यांची वेबसाइट जुनी, नावाजलेली. गूगलला शिवी-ओवी कळत नाही. त्यांनी बोट दाखवलं, एवढंच कळतं."

आप्पांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि फोन लावला.

"साडूभाऊ, आमटीचं लिव्हलेलं वाचलं. पर आमच्या जिलबीचं राह्यलं की वो!"