बास वाढवला की

सासू अंथरुणाला खिळली आणि तिची वाचाही गेली. पाणी हवं असलं की पलीकडच्या खोलीतून ती भिंतीवर काठीने तीनदा ठोकायची. दिवसातून वीसदा कोण उठणार? सुनेने कानात इयरफोन खुपसले आणि छोट्या प्लेअरचा बास पार शेवटपर्यंत चढवला. ढोलाच्या दणक्यात काठी बुडून जायची. एका दुपारी गाणी संपली, तेव्हा भिंत कायमची गप्प झाली होती.

महिन्याभराने तिने पुन्हा प्लेअर लावला. ढोलामागे काहीतरी वाजत होतं, म्हणून तिने बास उतरवला. ढोल विरला, पण तीन ठोके राहिले. जरा थांबून पुन्हा तीन.

"मेली तरी पाठ सोडत नाही म्हातारी!" असं पुटपुटत तिने सेलच काढून मुठीत धरले. ठोके चालूच होते.

नवरा शेजारी पेपर वाचत बसला होता. "अहो, जरा ऐका. भास होतोय बहुतेक मला," म्हणत तिने इयरफोन त्याच्या कानात घातले. सेल अजून तिच्या मुठीतच होते.

तो क्षणभर ऐकत राहिला. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कधीची ठोकतेय ती! कान फुटलेत का तुझे? जा, पाणी दे आईला."