श्वासनळीचा फाटा

"मरणाला भितो तो माणूस कसला," असं निवृत्त जीवशास्त्र शिक्षक जयंत गोगटे बाल्कनीत एकटेच उभे राहून, भरल्या तोंडाने, व्याह्यांना फोनवर ठणकावत होते. तेवढ्यात त्यांना ठसका लागला, आणि अर्ध्या तासात हा निर्भय माणूस इस्पितळाच्या टेबलावर शिट्टीसारखा वाजू लागला.

"श्वासनळीला दोन फाटे फुटतात ना, बरोबर तिथेच काहीतरी अडकलंय," डॉ. देसाई म्हणाल्या. "दाण्यासारखं असलं तर भिजून फुगेल आणि दोन्ही फाटे बंद होतील. काय आहे ते कळलं तर तशी पकड आत घालते. आज चंदी पडवा, मिठाईचा सण. त्या माव्याच्या घारीतला पिस्ता तर नाही ने, काका?"

हा फाटा जयंतरावांनी जन्मभर फळ्यावर काढला होता. पुढे काय होतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी डोळे मिटले.

"छे हो," त्यांचा हात घट्ट धरून सुनंदाबाई म्हणाल्या. "आज सगळी सुरत घारी खात असेल, पण साखर वाढल्यापासून हे गोडाला शिवत नाहीत. माझी शपथ घेतलीय त्यांनी. फुटाणाच असणार."

"फुटाणा ना, काका? नुसती मान हलवा."

मान हलेना. ओठ निळे पडत चालले. शेवटी उरलासुरला श्वास एकवटून त्यांनी डॉक्टरांची बाही ओढली, त्यांना खाली वाकवलं आणि ते कानात कुजबुजले,

"हिला... जरा... बाहेर पाठवता?"