ओली रेघ

दिवस मावळला तशी बायनाबाईनं घरातल्या दोन्ही घागरी बादलीत ओतल्या आणि बादली वस्तीच्या तोंडाशी आणून चंद्री गायीपुढं सरकवली. उद्या दिवसभर चूळ भरायलाही पाणी उरणार नव्हतं. नसू दे मेलं! सासरी जाणाऱ्या लेकीला कुणी तहानलेली लावून देतं का?

तिथं पाणी सोसायटीचा चेअरमन विठ्ठलराव बॅटरी आणि काठी घेऊन उभा होता. त्याच्या पायाशी ताज्या सड्याची रेघ, सगळ्या वस्तीला वेढा घालून आलेली. आभाळातून पडलेल्या जित्या खड्यांना अडवणारी तेवढीच एक गोष्ट. ना रक्त, ना मांस, नुसता दगड; पण अंधार पडला की डोंगरावरून टकटक करत उतरायचे आणि झोपल्या माणसाच्या अंगातली ऊब ओढून न्यायचे. आधी प्यायलेल्या उबेनं तापलेला खडा ओल्या मातीला टेकला की मात्र तडकायचा. म्हणून या असल्या दुष्काळात, गेवराईहून ड्रोननं येणारं निम्मं पाणी बायका रोज मातीवर शिंपडायच्या.

मग पाणी पुरायचं कसं? सोसायटीनं सभा घेतली आणि जनावरांचं पाणी तोडलं. "माणूस जगला तर जनावर," विठ्ठलराव म्हणाला. सगळ्यांचे हात वर झाले. बायनाबाईचाही.

काल रात्री चंद्रीनं तहानेनं दावं तोडलं आणि हातभर रेघ चाटून काढली. तिथूनच खडे आत शिरले; सकाळी शेजारच्या राधाकिशनची आई सुंदरबाई अंथरुणातच बर्फागत गार झालेली सापडली. चंद्रीला रेघेबाहेर काढायचं ठरलं. आता गाय ठेवा म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

"वहिनी, लई वाईट वाटतंय बघा," विठ्ठलराव म्हणाला. "पर मुकं जनावर हाय. आज पुन्हा चाटंल. आवरा आता."

"पिऊ द्या की तिला, भाऊ. शेवटचं हाय."

चंद्री प्यायली. किती दिवसांनी अशी प्यायली! बादलीत ओंजळभर पाणी तसंच ठेवून तिनं मान वर केली. बायनाबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, दावं सोडलं, पाठीवर थाप मारली.

"जा बाई. डोंगराकडं नको जाऊ, वढ्याच्या अंगानं जा."

गाय रेघेपाशी आली. विठ्ठलरावानं काठी उगारली. पण चंद्रीनं मान खाली घातलीच नाही. नुसतं हुंगलंही नाही. ओल्या मातीवर पाय देऊन ती सरळ पलीकडं गेली आणि बायनाबाई मागून येते का, म्हणून वळून बघत उभी राहिली.

हाक मारायला बायनाबाईनं तोंड उघडलं, तोच डोंगराच्या पायथ्याशी टकटक सुरू झाली. चंद्री बिचकली आणि शेपूट वर करून अंधारात पळत सुटली.

विठ्ठलरावानं बॅटरीच्या उजेडात रेघ दोन्ही अंगांनी बघितली. खुरांचे चार ठसे, बाकी रेघ शाबूत.

"कुठंच चाटली न्हाई की हो!"

बायनाबाईनं बादलीतलं उरलेलं पाणी त्या ठशांवर ओतलं.

"कशाला चाटंल, भाऊ? आज तिला तहान न्हवती."