चार गिअर मागे

आमच्या एव्हेलियो मामाची टॅक्सी वार्षिक तपासणीत नापास झाली. अर्थात, तसं काही झालेलंच नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

गाडी १९५२ची. तिच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग हवानात मिळत नाहीत, म्हणून मेकॅनिक युनिएस्कीने तो ट्रॅक्टरचे भाग घालून नव्याने बांधला. बांधताना एक दातेरी चाक उलटं बसलं. तेव्हापासून गाडी पुढे एकाच गिअरमध्ये रांगते आणि मागे चार गिअरमध्ये पळते.

"परत खोल की लेका!" मामा ओरडला.

"खोलतो. पण परत जोडला जाईल, याची खात्री तू द्यायची."

मामाने आरसे पुसले आणि उलटाच धंदा सुरू केला.

"अरे, मागे मागे काय चाललायस?" एक म्हातारी किंचाळली.

"मावशी, तुम्हाला पोचायचंय ना? मग झालं तर."

पण तपासणीत नापास म्हणजे परवाना नाही, परवान्याशिवाय टॅक्सी बंद, आणि टॅक्सी बंद तर आमची चूल बंद. म्हणून काल मामाने वाहतूक कचेरीत रीतसर अर्ज दिला :


"सबब, सदर वाहनाची मागील बाजू ही यापुढे पुढील बाजू समजण्यात यावी, ही नम्र विनंती."