जर्मन पावडर

सक्करदऱ्याच्या घरामागं प्लास्टिकच्या बादल्यांचं मशीन बसवलं, तेव्हापासून मनोहररावांना बायकोचं व्रत डोळ्यांत खुपायला लागलं. चातुर्मासात देवापुढं रांगोळीची गोपद्मं काढल्याशिवाय जयवंताबाई घास घेत नसत, आणि त्यासाठी रांगोळी फडक्यातून गाळून मैद्यासारखी करून ठेवत.

“दगडाचा भुगा सांडून देव भेटते का वं?” मनोहरराव हसत.

त्या दिवशी इतवारीचे व्यापारी नमुना पाहायला यायचे होते, आणि बादल्या साच्याला चिकटून फाटत होत्या. प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायची बारीक पावडर मागवली होती, ती काही पोचली नव्हती. तरी व्यापाऱ्यांच्या देखत बादली साच्यातून अलगद निघाली. गुळगुळीत.

“काय टाकलं गा मनोहरराव?”

“जर्मन पावडर! आपल्या इकडच्या दगडधोंड्यात नाही भेटत असली चीज.”

दारात जयवंताबाई उभ्या होत्या, सकाळपासून उपाशी, हातात रांगोळीचा रिकामा डबा घेऊन.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “ते जर्मन पावडर मूठभर उरली असन तं द्या ना जी. माही गोपद्मं काढाची राह्यली.”