कावीळ कुणाकडून

रक्तदान केल्यावर मुलाच्या, पारसच्या रक्तात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला, आणि चंपाबाईंचा संशय सरळ नव्या सुनेवर गेला. घरात पाणी गाळून उकळलेलं, जेवणं सूर्य मावळायच्या आत. रोग आला तो बाहेरूनच, आणि बाहेरून आलेली एकच होती. "माहेरून काय घेऊन आलीस, खरं सांग," त्या रोज विचारायच्या. "काय न्हाई, आत्ती," एवढंच म्हणून श्रद्धा खाली बघायची. खरी असती तर भांडली असती, असं चंपाबाईंना वाटे. शेवटी त्याच तिला मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दोष निघाला की परस्पर माहेरी पोचवायची, हे मनाशी पक्कं होतं. "हिचं रक्त तपासा. माझंबी घ्या, मला कसलं भ्या न्हाई."

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "सूनबाई ठणठणीत आहेत, लसही घेतलीय त्यांनी. विषाणू तुमच्या रक्तात आहे. यकृताच्या पेशींत शिरून वर्षानुवर्षं गप्प बसतो तो. पारसला जन्मतानाच तुमच्याकडून लागला असणार. घाबरू नका, गोळीनं दाबून ठेवता येतो, आणि जेवणखाणातून तो कुणाला लागत नाही."

बाहेर आल्यावर चंपाबाईंनी श्रद्धाला बाकावर आपल्या शेजारी बसवलं. मग हळूच म्हणाल्या, "तुला ठावं होतं व्हय गं?"

"व्हय, आत्ती. ह्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जन्मतानाच आईकडून लागलं असणार म्हणून. पण तुम्हाला सांगायचं न्हाई, अशी ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, आईला कळलं तर डॉक्टरांनी कितीबी सांगू दे, ती परत कुणाला आपल्या हातचं जेवू घालायची न्हाई."